अप्पांना डिमेन्शियाच्या सेंटरमध्ये ठेवायचा विचार चाललाय, आत्या म्हणते टाकून देताय

नाशिकरोडकर

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होतंय, सांभाळून घ्या. आमचे अप्पा ७८ वर्षांचे, आख्खी नोकरी प्रेसमध्ये, म्हणजे छापखान्यात, चेकिंगला होते. चार वर्षांपूर्वी आधी नावं विसरायला लागले, मग बिटको चौकातून घरी यायचा रस्ता, शेवटी न्यूरोच्या डॉक्टरांनी एमआरआय काढून अल्झायमर सांगितलं, तेव्हापासून गोळ्या चालू आहेत. आई २०१९ ला गेली. आता सहा महिन्यांपासून झोपच नाही, पहाटे चारला उठतात, शर्टावर शर्ट चढवतात आणि कडी वाजवत बसतात, फर्स्ट शिफ्ट आहे, माझा पास कुठाय. गेल्या महिन्यात मी अंघोळीला गेलो तेवढ्यात बाहेर पडले, तीन तासांनी जेलरोडवरून एका रिक्षावाल्याने ओळखून आणून सोडलं, पायात एकच चप्पल.

मी अंबडला कंपनीत, शिफ्ट ड्युटी. मिसेस पण नोकरी करते. त्यांना सांभाळायला ब्युरोची तीन माणसं झाली, एकही टिकला नाही. शहराबाहेर एक सेंटर बघितलंय, फक्त डिमेन्शियाचेच पेशंट घेतात. पण पंचवटीतली आत्या फोनवर म्हणाली, "टाकून देताय असं सरळ म्हण ना." तेव्हापासून घास उतरत नाहीये. खरंच टाकून देणं आहे का हे? आणि ठेवायचंच झालं तर बघायचं काय? अनुभव असेल त्यांनी सांगा प्लीज.

इंदिरानगरची_लेक

दादा, माझी आई १४ महिन्यांपासून अशाच एका ठिकाणी आहे म्हणून लिहितेय. आधी साध्या वृद्धाश्रमांत विचारलं होतं, हिंडतंफिरतं माणूस हवं म्हणाले, डिमेन्शिया शब्द ऐकला की फोन ठेवायचे. त्यामुळे फक्त याच आजाराचं सेंटर मिळतंय ही चांगली गोष्ट आहे, पण बघायला जाताना सांगून जाऊ नका. आणि सकाळी तर अजिबात नको, सकाळी सगळीकडेच स्वच्छ आणि शांत असतं. संध्याकाळी पाच-सहाला जा, दिवेलागणीला या माणसांची घालमेल वाढते, घरी जायचंय घरी जायचंय सुरू होतं, त्या वेळी तिथली मावशी पेशंटशी कशी बोलते ते बघा. आम्ही पहिलं सेंटर बघितलं तिथे एका आजोबांना ओढणीने खुर्चीला बांधलं होतं, पडू नयेत म्हणून म्हणे. आम्ही चहाही न घेता निघालो. दुसरीकडे एक आजी दारापाशी रडत होत्या, तिथली मुलगी त्यांचा हात धरून अंगणात दोन चकरा मारून आली आणि आजी जेवायला बसल्या. आईला तिथेच ठेवलं.

पैशांचं लेखी घ्या. महिन्याचा आकडा सांगतात त्यात डायपर, औषधं, डॉक्टरची व्हिजिट बरेचदा धरलेली नसते. अर्ध्या रात्री अॅडमिट करायची वेळ आली तर कोण नेणार तेही विचारा. कपड्यांवर आतून नाव शिवून द्या, नाहीतर दुसऱ्याचे कपडे अंगावर दिसतात आणि जीव तुटतो बघून.

वॉर्डातली_सिस्टर

मी २२ वर्षं नर्सिंगमध्ये आहे, थोडं सांगते. रात्रीचं जागणं हळूहळू वाढलं की दोन-चार दिवसांत एकदम? एकदम असेल तर सगळं अल्झायमरवर ढकलू नका. म्हाताऱ्या माणसाला लघवीचं इन्फेक्शन झालं, सोडियम कमी झालं, चार दिवस पोट साफ नाही झालं तरी असा गोंधळ वाढतो, ताप येईलच असं नाही. व्हिटॅमिन बी-१२ आणि थायरॉईडची तपासणी पण करून घ्या, अल्झायमर सोबत असला तरी ही कमतरता भरून काढता येते.

सेंटरवाल्यांना विचारा की पेशंट रात्री ओरडला तर काय करता. "डोस देतो" एवढंच उत्तर आलं तर परत या. शांत ठेवायच्या स्ट्राँग गोळ्यांनी डिमेन्शियाच्या पेशंटमध्ये पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो, अगदी गरज पडली तर डॉक्टर थोड्या दिवसांसाठी देतात, पण माणूस गप्प बसावा म्हणून रोज द्यायच्या नसतात. गिळायला त्रास होतो का हेही त्यांना आधीच सांगा, घाईने भरवलं की ठसका लागून अन्न फुफ्फुसात जातं, न्यूमोनिया होतो.

आणि रिटायर झालात हे त्यांना रोज सांगू नका, त्यांना ती बातमी रोज नवीन असते. आज सुट्टी आहे म्हणा.

गंगापूर_रोड

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. आम्ही वडिलांना शेवटपर्यंत घरीच सांभाळलं, सात वर्षं. दाराला वरून कडी, गॅसला लॉक, खिशात फोन नंबरची चिठ्ठी, सगळं केलं. ओळखीच्या घरात माणूस कमी बिथरतं हे डोळ्याने पाहिलंय. पण खरं सांगायचं तर आम्ही तीन भाऊ एका वाड्यात, घरात कायम चार मोठी माणसं. तुम्ही दोघंच आहात. माझ्या बायकोची कंबर त्या सात वर्षांत गेली ती गेलीच.

टाकून देण्याचं म्हणाल तर २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, त्यात कलम २४ मध्ये गुन्हा म्हटलाय तो आईवडिलांना कुठेतरी सोडून पूर्ण वाऱ्यावर टाकायच्या हेतूने निघून जाण्याला, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तुम्ही महिन्याला पैसे भरणार, दर आठवड्याला जाणार, त्याचा याच्याशी काय संबंध. आत्याला सोबत घेऊन जा बघायला. आणि १४५६७ ही ज्येष्ठांची सरकारी हेल्पलाइन आहे, सकाळी आठ ते रात्री आठ, फोन करून बघा.

नाशिकरोडकर

सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टर, तुमचं वाचून दुसऱ्याच दिवशी तपासण्या केल्या. लघवी क्लिअर आहे, पण बी-१२ फक्त १४० निघालं, इंजेक्शनं चालू केलीत. डॉक्टर म्हणाले विसरणं जाणार नाही, अशक्तपणाला फरक पडेल.

काल संध्याकाळी सहाला न सांगता सेंटरला गेलो, आत्याला घेऊन. तिथल्या ताईंनी फाइल बघायच्या आधी विचारलं की आजोबा काय काम करायचे. मी सांगितलं, छापलेले कागद तपासायचे. घरी अजूनही अंगठा जिभेला लावून पेपरचं एकेक पान उजेडाकडे धरतात आणि बाजूला रचतात, तास तास. त्या म्हणाल्या मग येताना घरची रद्दी आणा, टेबल आम्ही खिडकीपाशी लावतो. आत्या तेव्हापासून काही बोलली नाही, परत येताना द्वारका चौक आला तेव्हा म्हणाली, रविवारी मी जाईन, तुम्ही दोघं इतर दिवशी जा.

अजून पक्कं केलेलं नाही. त्यांनी पहिले दोन आठवडे भेटायला येऊ नका म्हटलंय, ते मनाला पटत नाहीये.

इंदिरानगरची_लेक

आम्हालाही तसंच सांगितलं होतं. मी म्हटलं भेटणार नाही पण लांबून बघणार, आणि रोज संध्याकाळी गेटबाहेर उभी राहायचे. पाचव्या दिवशी त्यांनीच आत बोलावलं. आईचं आवडतं गोधडीचं पांघरूण मी पहिल्याच दिवशी दिलं होतं, तुम्ही अप्पांची उशी द्या, न धुता.