दहा दिवसांत हापसा बसवला म्हणजे गावाला पाणी मिळालं?

भूजल_जालना
युगांडाहून परतलेल्या एका चर्चच्या टीमबद्दल काल इथे कुणीतरी लिहिलं: "12 जण, दहा दिवस आणि गावाला कायमचं पाणी." त्या 'कायमचं'वर गप्प बसवत नाही. दहातले दोन-तीन दिवस विमानात आणि रस्त्यात जातात. हापशाभोवतीचा काँक्रीटचा ओटा पडतो चौथ्या दिवशी, प्रार्थना आणि फोटो आठव्या दिवशी. हापशाच्या स्टँडचे पाय काँक्रीटमध्ये गाडलेले असतात, त्याला निदान 7 दिवस पाणी मारावं लागतं. त्याआधी हापसायला लागलं की स्टँड डुलतो, पायाभोवती केसाएवढी चीर पडते आणि ओट्यावरचं घाण पाणी केसिंगच्या (बोअरच्या तोंडाशी बसवलेल्या पाईपच्या) कडेने बोअरमध्ये उतरतं.

सोलापूरकर
दादा, मिशनच्या नावाने बोटं मोडण्याआधी हापसा कुठून आला ते आठवा. ओतीव लोखंडाचे पंप गावाच्या वापराला टिकेनात, तेव्हा 1960च्या दशकात जालन्यात स्कॉटिश मिशनने आणि सोलापुरात स्वीडिश मिशनऱ्याने मजबूत पंप बनवले. सोलापूर पंपाचीच साखळी आणि बंद बॉलबेअरिंग पुढे इंडिया मार्क-2 या हापशात आली. युगांडातला यू-2 म्हणजे तोच मार्क-2. बाहेरून कुणी आलंच नसतं तर?

नगरची_लेक
ते दहा दिवसांसाठी नव्हते आले हो! अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1813 साली मुंबईत उतरले, मराठी शिकले, 1842 साली नगरहून 'ज्ञानोदय' नियतकालिक काढलं. मिरजेचे मिशनरी डॉक्टर वानलेस तीन दशकांहून जास्त राहिले. आजच्या टीमला गावातल्या बाईशी दुभाष्याशिवाय एक वाक्य बोलता येत नाही. मग हापसा कुठे हवा, हे तिला विचारणार कोण?

पंप_मिस्त्री
भाषेचं राहू द्या, पाईप कोणता टाकला ते सांगा. युगांडात बऱ्याच ठिकाणी भूजल आम्लधर्मी आहे. पीएच 6.5च्या खाली असेल तर जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाईप टाकूच नये. आधी जस्त जातं, मग लोखंड. सकाळची पहिली बादली तांबूस येते, कपड्यांवर डाग पडतात, रांधलेल्या मटोकेचा (तिथल्या कच्च्या केळ्यांचा) रंग बदलतो आणि बाया पुन्हा डबक्यावर जातात. शेवटी आटे खाल्ले जातात आणि पाईपांची माळ बोअरमध्ये पडते.

सोलापूरकर
मग त्याचा पुढचा प्रकार मार्क-3 बसवा ना. दुरुस्तीला सोपा.

पंप_मिस्त्री
सोपा आहेच. 65 मिमीच्या पाईपातून पिस्टन वर येतो, पाईप काढावे लागत नाहीत. मार्क-2चा साधा वॉशर बदलायला 3 मीटरचा एकेक पाईप उपसा. 30 मीटरला दहा. पण मार्क-3लाही जीआयच घातलात तर गंज तोच, वर वजन आणि किंमत जास्त. स्टेनलेस स्टील किंवा यूपीव्हीसी (कडक प्लास्टिक) पाईप घाला. आणि खरेदीआधी पाणी तपासा! एवढं साधं विचारलं तरी लोकांना श्रद्धेवर घाला वाटतो.

सोलापूरकर
घाला कुणी म्हटलं? लोक स्वतः जातात, पाहतात, म्हणून पैसा उभा राहतो. घरबसल्या कोण देतं?

भूजल_जालना
होंडुरासचं उदाहरण घ्या. 1998च्या मिच वादळानंतर उत्तर अमेरिकेतल्या गटांनी तिथे घरं बांधली. समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हेर बीक यांनी नंतर अभ्यास केला: प्रवासखर्च धरून गटाला एक घर 30 हजार डॉलरला पडलं, स्थानिक ख्रिस्ती संस्था तसंच घर 2 हजारांत बांधत होत्या. आणि परत गेल्यावर त्या लोकांचं देणं फारसं वाढलंही नाही.

सोलापूरकर
आकडा बोचतो, नाही म्हणत नाही. पीएच आणि ओट्याचे सात दिवस, दोन्ही मान्य. पण जाऊच नये, हे मरेपर्यंत मानणार नाही.

नगरची_लेक
जा की. पण काम तिथल्या मिस्त्रीचं, टीम त्याच्या हाताखाली. पाणी समिती आधी, बोअर नंतर.

पंप_मिस्त्री
आणि पाईप उपसायचे क्लॅम्प, लिफ्टर, पाने गावातच ठेवा, सोबत कप वॉशरचे दोन-तीन जोड. ती पेटी टीमबरोबर परत गेली, तर पहिला वॉशर झिजेल त्या दिवशी हापसा बंद.