मदत हवी आहे: लॉगिन नसलेल्या पाच पानी फॉर्ममध्ये सेशन कसं टिकवावं?

नमस्कार मंडळी,
ऐरोलीतल्या एका छोट्या संस्थेसाठी शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज बनवतोय. पाच टप्पे आहेत, लॉगिन नाही; तरी सेशन, म्हणजे एकाच भरणाऱ्याचं पानोपानी चाललेलं काम, लक्षात ठेवायचं आहे. मोबाइल नंबर आणि ओटीपी थेट चौथ्या टप्प्यावर येतो. तोपर्यंत भरणारा आपल्यासाठी अनोळखीच, आणि नेमके त्याच टप्प्यांत लोक गळतात. कुठे अडतात ते कळलं तर फॉर्म सोपा करता येईल.

सध्या पहिल्या पानावर सर्व्हर एक यादृच्छिक सेशन आयडी तयार करून एचटीटीपी-ओन्ली कुकीत (ब्राउझरमध्ये साठवलेली छोटी नोंद, जी पानावरच्या जावास्क्रिप्टला वाचता येत नाही) ठेवतो. उत्तरं डेटाबेसमध्ये त्या आयडीखाली जातात. कुकी जावास्क्रिप्टने ठेवली नाही, कारण सफारी तशा कुकी सात दिवसांत काढून टाकतं, आणि आमचे पालक उत्पन्नाचा दाखला हातात आला की मगच परत येतात.

खरी अडचण वेगळीच आहे. बरेच जण घणसोली, रबाळेच्या झेरॉक्सच्या दुकानात बसून फॉर्म भरतात. एकाच ब्राउझरवर दिवसभर वेगवेगळी कुटुंबं! मागच्याचा अर्धवट अर्ज पुढच्याला दिसणं मला अजिबात चालणार नाही, त्यात उत्पन्न आणि जातीची माहिती असते. सेशनची मुदत वीस मिनिटांची केली तर घरून मोबाइलवर भरणाऱ्यांचं काम वाया जातं.

ओटीपीनंतर सेशन आयडी बदलून जुना मसुदा नंबरला जोडायचा, एवढं ठरलंय. पण त्याआधीच्या तीन टप्प्यांचं काय? ओटीपी पहिल्याच पानावर आणू, की 'नंतर पूर्ण करा' म्हणून एक कोड देऊ? ब्राउझर फिंगरप्रिंटिंग (ब्राउझर आणि उपकरणाच्या खुणांवरून माणूस ओळखणं) कृपया सुचवू नका, लोकांना न सांगता ओळखणं मला पटत नाही. असं काही प्रत्यक्ष चालवलेल्यांनी जरूर सांगा.