सित्रोएन डीएस: नाकापेक्षा मोती जड झाला का?

(ही चर्चा आहे; प्रत्येक मताआधी ते मांडणाऱ्याचं टोपणनाव.)

पाचशेचार

एक विधान मांडतो, खुशाल तोडा. सित्रोएन ही फ्रेंच मोटारकंपनी १९७४मध्ये बुडाली ती तेलसंकटामुळे नव्हे. बुडण्याची बीजं १९५५मध्येच पडली होती, आणि ती डीएसच्या हायड्रोन्यूमॅटिक सस्पेंशनमध्ये होती.

ज्यांना पार्श्वभूमी नाही त्यांच्यासाठी: ५ ऑक्टोबर १९५५ला पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात डीएस १९ आली. पहिल्याच दिवशी १२ हजारांच्या आसपास ऑर्डरी. आकार फ्लामिनिओ बेर्तोनीचा, एकूण रचना आंद्रे लेफेव्रची, हायड्रॉलिक्स पॉल माजेसचं. स्टीलच्या स्प्रिंगऐवजी नायट्रोजन भरलेले गोळे आणि दाबाखालचं तेल. त्याच दाबावर ब्रेक, स्टिअरिंग, क्लच आणि गिअर बदलणंसुद्धा. 'देएस' म्हणजे फ्रेंचमध्ये देवी. पण देवीच्या नैवेद्यासाठी घर गहाण टाकलं, असं माझं म्हणणं.

मुद्दा असा की हा सगळा खटाटोप आरामासाठी होता, आणि तोच आराम प्यूजो या दुसऱ्या फ्रेंच कंपनीने १९६८च्या ५०४मध्ये साध्या कॉइल स्प्रिंगवर दिला. चाकांची खालीवर हालचाल लांब ठेवली, शॉकअप स्वतःच्या कारखान्यात बनवले, त्यांचे व्हॉल्व्ह नीट जुळवले, बस. ती गाडी नायजेरियात कादुनाला जोडली गेली आणि अर्जेंटिनात १९९९पर्यंत बनत राहिली. हातोडा आणि पान्यांचा एक सेट असलेला कोणीही ती दुरुस्त करतो. डीएस करून दाखवा तशी.

चेवरॉन

आजार रेड्याला, औषध पखालीला. असहमत.

१९६०च्या दशकातली सित्रोएनची किंमतयादी डोळ्यासमोर आणा. खाली टूसीव्ही, दोन सिलिंडर, एअरकूल्ड. त्याच चासीवर १९६१ची आमी ६, ६०२ सीसी. आणि वर एकदम डीएस, १९११ सीसी. मधे काहीच नाही. फ्रान्समधला शिक्षक, छोटा दुकानदार, मध्यम पगाराचा कारकून ज्या आकाराची गाडी घेतो, त्या आकाराची गाडी सित्रोएनकडे नव्हतीच. १९६५मध्ये रेनो १६ आणि प्यूजो २०४ याच भगदाडात शिरल्या. २०४ तर १९६९ ते १९७१ फ्रान्समध्ये सगळ्यात जास्त खपणारी गाडी होती.

हे भगदाड बुजवायला सित्रोएनने 'प्रोजेक्ट एफ' घेतला आणि बराच खर्च झाल्यावर १९६७मध्ये रद्द केला. मग कोऱ्या कागदापासून जीएस, ती आली १९७०ला. म्हणजे डीएसनंतर तब्बल १५ वर्षं मधली फळी रिकामी. याचा गोळ्यांशी काय संबंध?

पाचशेचार

संबंध हा की चांगले इंजिनिअर आणि पैसा गोळ्यांतच अडकला होता. बॉनेटखालचं इंजिनच बघा ना. डीएससाठी सहा सिलिंडरचं नवं सपाट इंजिन ठरलं होतं, ते जमलं नाही. म्हणून १९३४च्या ट्रॅक्सिओं अव्हाँ या सित्रोएनच्याच गाडीच्या घराण्यातलं जुनं चार सिलिंडर इंजिन सुधारून बसवलं. अंगावर पैठणी आणि पायात झिजलेल्या चपला.

पाना नंबर १२

दोघेही हिशोबाच्या वहीवर भांडताय. यंत्राखाली झोपून बघितलं की चित्र वेगळं दिसतं, म्हणून तेवढंच सांगतो.

ही यंत्रणा नाजूक नाही. ती चुकीच्या हातांना नाजूक आहे. गोळ्याच्या आत मधोमध रबराचा पडदा, वर नायट्रोजन, खाली तेल. गोळ्याच्या गळ्याशी छोट्या पत्र्यांचा व्हॉल्व्ह असतो, तोच शॉकअप. भार वाढला की गॅस दबतो आणि स्प्रिंग आपोआप कडक होते. उंची घसरली की अँटीरोल बारला (वळणावर गाडी कलू न देणारा दांडा) जोडलेली काडी 'हाइट करेक्टर' हलवते, तेल आत येतं, गाडी पुन्हा मूळ उंचीवर. करेक्टर मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो, नाहीतर प्रत्येक खड्ड्याला तो दचकला असता.

बिघडतं काय? नायट्रोजन पडद्यातून अगदी सावकाश झिरपतो. गोळा 'मेला' की गाडी लाकडी पाट्यासारखी आपटते. लोक म्हणतात सस्पेंशन गेलं. गेलेलं काही नसतं, चार गोळे बदलायचे असतात.

दाब साठवणारा मुख्य गोळा वेगळा, त्याची खूण कानाने कळते. इंजिन आयडलला ठेवा, स्टिअरिंगला हात लावू नका, आणि प्रेशर रेग्युलेटरची 'टिक' मोजा. दोन टिकांमध्ये अर्धा मिनिट किंवा जास्त गेलं तर ठीक. दर तीन-चार सेकंदांनी टिकटिक करत असेल तर तो गोळा रिकामा आहे. हा टाळू नका. इंजिन बंद पडलं तर ब्रेकला उरलेला दाब त्याच गोळ्यातून येतो.

बदलायची रीत. आधी चासीखाली स्टँड, नुसता जॅक नाही. दाब सोडला की गाडी खाली बसते, आणि जॅकवर भरवसा ठेवून आत शिरणारा माणूस तिच्याखाली सापडतो. उंचीचा दांडा सगळ्यात खालच्या स्थितीत. इंजिन बंद. रेग्युलेटरवरचा १२ नंबर पान्याचा ब्लीड स्क्रू साधारण एक फेरा सैल करायचा, पूर्ण काढायचा नाही. त्याच्याखाली छोटी स्टीलची गोळी असते, ती पडली की ती शोधण्यात दुपार जाते. फुस्स आवाज थांबला की पट्ट्याच्या पान्याने गोळा उलटा फिरवून काढा. नव्या गोळ्याला नवं सील, सीलला त्याच गाडीचं तेल, आणि घट्ट करायचा तो फक्त हाताने. पान्याने आवळला तर पुढच्या वेळी छिन्नी लागते. मग स्क्रू बंद, इंजिन सुरू.

तेलाची पातळी इंजिन चालू आणि गाडी सगळ्यात वरच्या उंचीवर असतानाच बघायची. गाडी खाली बसलेली असेल तर सिलिंडरमधलं तेल टाकीत परत आलेलं असतं. टाकी भरलेली दिसते आणि प्रत्यक्षात तेल कमी असतं.

मिस्त्रीला तासाभराचं काम. ५०४चे मागचे दोन शॉकअप बदलायलाही तेवढाच वेळ लागतो.

पाचशेचार

तेल कुठलं, ते सोयीस्करपणे गाळलंत की! सुरुवातीच्या डीएसमधलं तेल हवेतला ओलावा शोषायचं, त्यामुळे आतून गंज. १९६६च्या सप्टेंबरमध्ये हिरवं खनिज तेल एलएचएम आलं, म्हणजे तब्बल ११ वर्षांनी. अमेरिकेत जाणाऱ्या गाड्यांना आणखी उशिरा. तोवर गिऱ्हाइकाच्या पैशांवर प्रयोग चालला होता असं म्हणायचं का?

पाना नंबर १२

तेलाचा मुद्दा मान्य, आणि तो लपवण्यासारखा नाही. उलट आज सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. जुन्या, लाल तेलाच्या गाडीचे भाग काळ्या रंगाचे, एलएचएमच्या गाडीचे हिरवे. दोन्हींची रबर सील वेगळ्या जातीची. हिरव्या गाडीत साधं ब्रेकऑइल, म्हणजे डॉट ३ किंवा डॉट ४ ओतलं की सील फुगतात आणि मऊ पडतात. मग नुसतं धुऊन भागत नाही, अख्ख्या गाडीची सील काढावी लागतात. लाल गाडीत खनिज तेल घातलं तरी तेच रडगाणं. त्यामुळे झाकण उघडण्याआधी टाकीचा आणि गोळ्यांचा रंग बघा. आणि गाडी पुन्हा रंगवलेली असेल तर रंगावरही विश्वास नको, तेलाचा थेंब बोटावर घ्या.

एलएचएम साधारण ६० हजार किलोमीटरला बदलायचं. टाकीतल्या दोन्ही जाळ्या पेट्रोलने धुवायच्या आणि वाळवून बसवायच्या. आत सरकणाऱ्या व्हॉल्व्हची बसवण मायक्रॉनमधली असते, तिथे कचरा चालत नाही.

आणि हो, रात्रभर उभी गाडी सकाळी जमिनीला टेकलेली दिसली तर घाबरायचं कारण नाही. त्या व्हॉल्व्हना रबराचं सील नसतं, बारीक गळती रचनेतच धरलेली आहे, ते तेल टाकीत परत जातं. पुढे झांटिया या नंतरच्या सित्रोएनमध्ये ते थांबवणारे वेगळे व्हॉल्व्ह आले.

खडूस इंजिनिअर

मूळ विधानाला धक्का देणारी दोन नावं अजून कोणी घेतली नाहीत: जीएस आणि बीएक्स.

१०१५ सीसीच्या जीएसमध्ये हेच हायड्रॉलिक्स आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक होते. मागच्या ब्रेकला दाब मागच्या सस्पेंशनमधूनच यायचा. डिकीत सामान भरलं की मागे दाब वाढला, तेवढाच मागचा ब्रेक जोरात. रिकामी गाडी असेल तर मागची चाकं लॉक होत नाहीत. एक व्हॉल्व्ह कमी, एक काडी कमी. जीएस आणि तिची सुधारलेली जीएसए मिळून सुमारे २५ लाख गाड्या. महाग यंत्रणा फक्त महागड्या गाडीतच परवडते, हे इथेच कोसळतं.

दुसरी सित्रोएनची बीएक्स, तीही गोळ्यांवरच, १९८२ ते १९९४, सुमारे २३ लाख. तेव्हा मालक कोण? प्यूजो! ज्या कंजूष, पै-पैचा हिशोब ठेवणाऱ्या प्यूजोचं पाचशेचार इतकं कौतुक करतायत, त्याच प्यूजोने १९७६मध्ये सित्रोएन पूर्ण ताब्यात घेतल्यावर गोळे फेकून दिले नाहीत. गोळ्यांत तोटा असता तर फेकले असते.

पाचशेचार

बीएक्सचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे, बघा. सांगाडा, इंजिनं, गिअरबॉक्स प्यूजोबरोबर वाटून घेतलेली. गिअर बदलायला साधा दांडा, क्लचला साधी केबल. हायड्रॉलिक्स फक्त जिथे खरोखर उपयोग तिथेच. डीएसमध्ये गिअर टाकायलासुद्धा तेलाचा दाब होता आणि ब्रेकच्या पेडलऐवजी रबरी बटण! स्वतः सित्रोएनलाच १९५७मध्ये आयडी १९ काढावी लागली, साधा क्लच आणि हाताने बदलायचा गिअर घालून. म्हणजे दोन वर्षांत कबुलीजबाब.

ठीक आहे, विधान थोडं आवरतो. 'हायड्रोन्यूमॅटिकने बुडवलं' ऐवजी 'सगळंच हायड्रॉलिक करण्याच्या हट्टाने बुडवलं'.

चेवरॉन

आवरलंत तरी पुरत नाही. डीएस २० वर्षांत सुमारे साडेचौदा लाख खपली. एवढ्या काळात कंपनी जिवंतच होती ना? पैसा कुठे गेला ते बघायचं तर १९६४नंतरचं बघा. एनएसयू या जर्मन कंपनीबरोबर वँकेल इंजिनासाठी (पिस्टनऐवजी फिरता रोटर असलेलं इंजिन) कोमोटोर कंपनी. १९६७मध्ये ट्रकवाली बेर्लिए विकत घेतली. १९६८मध्ये इटलीची स्पोर्ट्सकारवाली मासेराती. त्यातून १९७०ची एसएम, सुंदर गाडी, पण पाच वर्षांत जेमतेम १३ हजार. पॅरिसजवळ ओल्ने इथे नवा कारखाना. आणि जीएस बिरोटोर, ऑक्टोबर १९७३मध्ये, म्हणजे तेलसंकट दाराशी आलेलं असताना, पेट्रोल पिणारं वँकेल इंजिन! एकूण ८४७ बनल्या. सुटे भाग पुरवत बसण्यापेक्षा कंपनीने त्या गिऱ्हाइकांकडून परत विकत घेऊन मोडीत काढायला सुरुवात केली. यात गोळ्यांचा दोष कुठे येतो?

नेहमीचा वाचक

एक जुनी आठवण करून द्यावीशी वाटते, कंपनीची. १९३४मध्येही हेच झालं होतं. ट्रॅक्सिओं अव्हाँ: पुढच्या चाकांना ताकद, अखंड बॉडी, टॉर्शन बार (स्प्रिंगऐवजी पिळला जाणारा दांडा), सगळं एकाच गाडीत. वर कंपनीचा मालक आंद्रे सित्रोएनने पॅरिसमधला जावेलचा कारखाना पाडून पाच महिन्यांत नवा उभारला. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ठरला होता, तो ऐनवेळी फसला आणि घाईत तीन गिअरचा बसवला. त्याच वर्षी दिवाळं, मुख्य धनको असलेल्या टायरवाल्या मिशेलांच्या हातात कंपनी, आणि जुलै १९३५मध्ये आंद्रे सित्रोएनचं निधन. तेव्हा गोळे नव्हते. म्हणजे दोष यंत्रणेचा नाही, एकाच वेळी सगळं नवं करायच्या सवयीचा.

पाचशेचार

हे मात्र पटलं. सवय हा शब्द चालेल.

चेवरॉन

मला अर्धाच पटला. ट्रॅक्सिओं अव्हाँ १९५७पर्यंत विकली गेली. सवय वाईट असती तर गाडी २३ वर्षं कशी टिकली? गाडी बरोबर होती, खजिनदार चुकला.

पाना नंबर १२

शेवटी आपल्याकडचा एक गैरसमज, कारण तो वारंवार कानावर येतो. २०२१मध्ये भारतात आलेल्या सी५ एअरक्रॉसचं सस्पेंशन 'तेच डीएसवालं' असं सांगून विकलं गेलं. ते तसं नाही. त्यात नेहमीची कॉइल स्प्रिंग आणि नेहमीचा शॉकअप. फक्त शॉकअपच्या दोन्ही टोकांना रबरी बंपरऐवजी छोटे हायड्रॉलिक स्टॉप आहेत. चाक हालचालीच्या टोकाला पोहोचलं की हे स्टॉप झटका गिळतात. पंप नाही, गोळा नाही, एलएचएम नाही, भार वाढल्यावर उंची सावरणं नाही. खरे गोळे २०१७मध्ये जुन्या सी५बरोबर संपले.

त्यामुळे एअरक्रॉसच्या शॉकअपला कोणी 'नायट्रोजन भरून देतो' म्हणाला तर गाडी तिथून काढा. ते शॉकअप गळायला लागले की जोडीने बदलायचे, आणि मागवताना चासी नंबर द्यायचा. आत स्टॉप नसलेला साधा शॉकअप तिथे बसतो, पण मग मोठ्या स्पीडब्रेकरवर मागून ठक्क आवाज येतो, आणि त्या आवाजापायी माणूस उगाच बुश बदलत बसतो.

खडूस इंजिनिअर

म्हणजे पन्नासेक वर्षांनी सित्रोएन पाचशेचारच्या ५०४पाशी येऊन पोहोचली: लांब हालचालीची कॉइल आणि नीट जुळवलेला शॉकअप.

पाचशेचार

हे मी लिहिणारच होतो.