मदत हवी आहे: "आवाजावरून कळतं" हे विकीवर कसं लिहायचं?

नमस्कार मंडळी,

यंत्रांची देखभाल-दुरुस्ती करणाऱ्या कंपनीत मी गुणवत्ता विभागात आहे. वर्षभरात आमचे तीन सगळ्यात जुने तंत्रज्ञ निवृत्त होतील. शिवाय आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत कलम ७.१.६ आलंय: कामाला लागणारं ज्ञान संस्थेने ओळखावं, जपावं आणि ज्यांना लागेल त्यांना मिळेल असं ठेवावं. ही जबाबदारी माझ्याकडे आली आहे.

आधी शेअर्ड ड्राइव्हवर फोल्डर केले. तिथे कुणी फिरकलं नाही. मग विकी (सगळ्यांना लिहिता-सुधारता येतील अशी वेबपानं) उभारला, चौदा रकान्यांचा फॉर्म केला. पहिल्या महिन्यात नोंदी आल्या, पण कशा? "बेअरिंग बदललं. मशीन चालू." नव्या मुलाला यातून काय कळणार?

तिघांतल्या एका काकांना मी विचारलं, बेअरिंगच गेलंय हे तुम्हाला उघडायच्या आधी कसं कळलं? म्हणाले, "आवाजावरून कळतं." कसला आवाज? ते बराच वेळ विचार करत राहिले, पण त्यांना सांगता येईना. ते लपवत नव्हते, हे मला पक्कं दिसत होतं. तत्त्वज्ञ मायकेल पोलान्यी यांनी १९६६ च्या पुस्तकात मांडलेलं अव्यक्त ज्ञान, म्हणजे येतं पण शब्दांत सांगता येत नाही असं ज्ञान, ते हेच, हे मला त्या दिवशी खरं कळलं.

आता व्यवस्थापन म्हणतंय, प्रत्येक नोंदीला गुण द्या आणि गुणांवर बक्षीस. मला भीती वाटते की नोंदी वाढतील आणि उपयोग तेवढाच राहील. तुमच्याकडे कुणी हे काम केलंय का? सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद १

तुमची भीती रास्त आहे. झेरॉक्स कंपनीतलं उदाहरण बघा. ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञाने तिथल्या कॉपियर दुरुस्त करणाऱ्यांसोबत राहून पाहिलं, तर अवघड बिघाड ते मॅन्युअलपेक्षा एकमेकांना किस्से सांगून सोडवत होते. पुढे १९९० च्या दशकात कंपनीने 'युरेका' नावाचा नोंदसंग्रह केला. त्यात युक्ती तंत्रज्ञच पाठवायचे, दुसरे तंत्रज्ञ ती तपासायचे आणि देणाऱ्याचं नाव तिच्यावर असायचं. चार जाणत्या सहकाऱ्यांत नाव होणं ही मोठी गोष्ट असते. गुणांऐवजी नाव द्या.

आणि काकांना लिहायला लावूच नका. नव्या मुलाला त्यांच्याबरोबर मशीनपाशी पाठवा. "आवाज कसा असतो?" असं विचारलं की माणूस अडतो. "मागच्या वेळी तुम्हाला आधी कशाचा संशय आला होता? मग तो का सोडलात?" असं विचारलं की बोलू लागतो. लिहायचं मुलाने, काकांनी फक्त चुका सांगायच्या. जमल्यास चांगल्या आणि बिघडलेल्या मशीनचा आवाज मोबाइलवर शेजारी शेजारी ठेवा, तो शब्दांत पकडायची गरजच नाही.

पण सगळंच वाचवायला जाऊ नका. एकाच माणसाला येतात अशी कामं शोधा, आधी तेवढीच.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. एक भर: मोठी दुरुस्ती झाली की त्याच दिवशी पंधरा मिनिटं बसा. काय ठरलं होतं, काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय करायचं? अमेरिकन लष्करात सरावानंतर असाच आढावा घेतात. अशा बैठकीत कुणाला दोष द्यायचा नाही, हे साहेबांनी स्वतः पाळलं तरच माणसं खरं बोलतात. आमच्याकडे पहिल्या दोन बैठका यावरूनच फुकट गेल्या.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. चौदा रकाने आजच काढते. एकच शंका: विकीवर पानं कमी दिसली तर ऑडिटरला काय दाखवू?

प्रतिसाद १

कलम ७.१.६ पुन्हा वाचा, ज्ञान कागदावरच हवं असं त्यात कुठेही नाही. कुणाला कोणतं काम येतं याचा तक्ता आणि जोडीने केलेल्या कामांची नोंदवही दाखवा. तीन महिन्यांनी तोच तक्ता पुन्हा भरा. ज्या कामापुढे एकच नाव होतं तिथे दुसरं आलं की नाही, ते बघा.