पहिली नोकरी सोडून दुसऱ्या क्लिनिकमध्ये रुजू होताना

सुळा (धागाकर्ती):

नमस्कार. दंतवैद्यकाची पदवी घेऊन मला दोन वर्षे होत आली. पहिल्या क्लिनिकमध्ये १४ महिने काम केल्यावर मी राजीनामा दिला असून तीन आठवड्यांनी दुसरीकडे रुजू होणार आहे. सोडण्याचे कारण थोडक्यात सांगते, कारण पुढचे प्रश्न त्यातूनच आले आहेत. खालच्या दाढेचे रूट कॅनाल करताना माझ्या हातून पुढच्या मुळात फाईल, म्हणजे मुळातली नळी साफ करायची बारीक सुई, तुटली. तुकडा मुळाच्या टोकापाशी अडकला होता आणि काही केल्या निघेना. मी एक्स-रे काढून रुग्णाला दाखवला, काय झाले ते सांगितले आणि केस पेपरवर तशी नोंद केली. फाईल तुटल्याबद्दल क्लिनिकच्या मालकांनी मला फारसे बोल लावले नाहीत; रुग्णाला सांगितल्याबद्दल मात्र भरपूर लावले. त्यानंतर तिथे माझे मन रमले नाही.

आता तीन गोष्टींची काळजी वाटते. पहिली, माझा वेग. दाढेच्या रूट कॅनालच्या पहिल्या बैठकीला मला अजून दीड तास लागतो आणि नव्या क्लिनिकच्या डायरीत अर्ध्या अर्ध्या तासाच्या वेळा दिसल्या. दुसरी, जुन्या ठिकाणी माझ्या हातचे पाच रुग्ण अर्धवट उपचारांत आहेत, त्यांचे काय करायचे? तिसरी, नव्या डॉक्टरांनी मुलाखतीत जुनी नोकरी का सोडली हे विचारले नाही, पण आज ना उद्या विचारतीलच. तेव्हा फाईलचा विषय मी आपणहून काढावा की नाही?

अक्कलदाढ:

माझे स्वतःचे क्लिनिक आहे आणि आजवर सात-आठ नव्या डॉक्टरांना मी रुजू करून घेतले आहे, म्हणून वेगाबद्दल आधी लिहितो. नव्या माणसाचा वेळ दातात जातो असे सगळ्यांना वाटते. माझ्या पाहण्यात तो बहुतेक वेळा खणांत आणि वाट पाहण्यात जातो. खालच्या जबड्याचे ब्लॉक इंजेक्शन दिल्यावर ओठ पाच मिनिटांत बधिर होतो, पण दाताची नस पुरती बधिर व्हायला बऱ्याचदा १० ते १५ मिनिटे लागतात. नवखा डॉक्टर ओठ बधिर झाला की बर (ड्रिलचे टोक) लावतो, रुग्ण दचकतो, मग दुसरे इंजेक्शन, पुन्हा थांबणे आणि त्यात दोघांचाही धीर सुटणे, असे चक्र सुरू होते. त्याऐवजी इंजेक्शन देऊन ती मिनिटे रबर डॅम (दात वेगळा ठेवणारा रबरी पडदा) लावण्यात, एक्स-रे पुन्हा नीट पाहण्यात आणि केस पेपर लिहिण्यात घालवली, तर तुमच्या दीड तासातली वीस मिनिटे आपोआप कमी होतील. बाकीचा वेळ तुमचाच आहे, तो कोणाच्या भीतीने कापू नका.

रुजू होण्याआधी एक दिवस जाऊन नुसते सगळे पाहून या. कोणत्या खणात काय आहे, अपेक्स लोकेटर (मुळाची लांबी मोजायचे यंत्र) कोणता आहे, बाँडिंग (फिलिंग दाताला चिकटवणारे द्रव्य) कोणत्या प्रकारचे वापरतात, हे हाताखालून घाला. जुन्या ठिकाणी आधी ॲसिड लावून धुवायचे बाँडिंग असेल आणि इथे ॲसिडशिवायचे असेल, तर हात सवयीने जुनेच करतो आणि काही महिन्यांनी फिलिंग सुटून येते. कॉम्पोझिटचेही, म्हणजे दाताच्या रंगाच्या फिलिंगचेही, तसेच आहे. साधे असेल तर दोन-दोन मिलिमीटरचे थर द्यावे लागतात, जाड थराचे असेल तर चार मिलिमीटरपर्यंत चालते. डबी उघडण्याआधी तिच्यासोबतचा कागद वाचावा, इतकेच.

आणखी एक बाब, जी कोणी सांगत नाही. केस पेपरवर दातांचे क्रमांक कोणत्या पद्धतीने लिहितात हे पहिल्याच दिवशी विचारा. एफडीआय पद्धतीत (पहिला आकडा जबड्याच्या चार भागांपैकी कोणता ते सांगतो, दुसरा त्यातला दात) ११ म्हणजे वरचा उजवा पटाशीचा दात. १ ते ३२ अशा सलग पद्धतीत तोच ११ म्हणजे वरचा डावा सुळा होतो. २८ तर त्याहून घातक, कारण पहिल्या पद्धतीत ती वरची डावी अक्कलदाढ आणि दुसरीत खालची उजवी पहिली उपदाढ. चिठ्ठीवर ‘२८ काढणे’ एवढेच लिहिलेले असेल तर चिमटा उचलण्याआधी तोंडात पाहा, एक्स-रे पाहा आणि रुग्णाला बोट लावून दाखवायला सांगा.

तिसरी खुर्ची:

मी दोनदा नोकरी बदलली आहे आणि दोन्ही वेळा वेगवेगळ्या चुका केल्या. वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, पण वेळेबाबत एक भर घालते. ‘सुरुवातीला तुम्हाला जास्त वेळ देऊ’ हे तोंडी आश्वासन गर्दीच्या पहिल्या दिवशीच विरघळते. रिसेप्शनवर बसणाऱ्या व्यक्तीच्या डायरीत तुमच्या नावापुढे तासाची वेळ लिहिली गेली आहे की नाही, हे स्वतः डोळ्यांनी पाहा.

मोबदला टक्केवारीवर ठरला असेल तर ती टक्केवारी कशावर, हे लेखी घ्या. समजा कॅपचे रुग्णाकडून १०० आले, त्यातले ३० लॅबला गेले आणि तुमचा वाटा ४० टक्के आहे. लॅबचा खर्च आधी वजा करून उरलेल्या ७० वर हिशेब झाला, तर तुम्हाला २८ मिळतात. पूर्ण १०० वर झाला तर ४०. आणि सगळा लॅबचा खर्च तुमच्याच वाट्यातून कापला, तर हातात फक्त १० उरतात. करारातील वाक्य तिन्हींना जवळपास सारखेच दिसू शकते. काम पुन्हा करावे लागले तर खर्च कोणी सोसायचा, हेही त्याच कागदावर असू द्या. पहिल्या नोकरीत मी हे विचारायला लाजले होते.

पाच रुग्णांबद्दल माझे मत ठाम आहे. त्यांचे फोन नंबर घेऊन नव्या ठिकाणी बोलावू नका. नोंदी त्या क्लिनिकच्या आहेत आणि त्यातून नाहक वाद होतो. पण प्रत्येकासाठी पुढच्या डॉक्टरांच्या नावे एक पत्र लिहून केस पेपरला लावा. त्यात किती कॅनाल (मुळातल्या नळ्या) सापडल्या, प्रत्येकीची लांबी किती आणि ती दाताच्या कोणत्या टोकापासून मोजली, शेवटची फाईल कितीची, म्हणजे कोणत्या आकाराची होती, औषध कोणते आणि कधी भरले, हे सर्व यावे. वरची पहिली दाढ असेल आणि चौथी कॅनाल शोधूनही सापडली नसेल, तर तेही लिहा. म्हणजे पुढचा माणूस ती नाहीच असे समजून दात बंद करणार नाही. तात्पुरते फिलिंग किती दिवसांचे आहे हे रुग्णाला स्वतः सांगा, कारण ते झिरपू लागले की आधीची सगळी मेहनत वाया जाते.

सक्शनवाली:

मी डॉक्टर नाही, १८ वर्षे खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला असिस्टंट म्हणून उभी आहे, तरीही लिहिते. सुळाताई, नवीन डॉक्टर आले की आम्हाला त्यांचा वेग खटकत नाही. न बोलता हात पुढे केलेला खटकतो, कारण त्या हाताला आरसा हवा आहे की एक्सप्लोरर (दात तपासायची टोकदार आकडी), हे आम्हाला कळत नाही. पहिल्या आठवड्यात प्रत्येक वस्तूचे नाव मोठ्याने घ्या. कामाआधी एक मिनिट थांबून कोणत्या क्रमाने काय लागेल हे सांगितलेत, तर ट्रे तसा लावून ठेवता येतो आणि अक्कलदाढ यांनी म्हटलेली खणांतली शोधाशोध उरत नाही.

ऑटोक्लेव्हची (वाफेने उपकरणे निर्जंतुक करणाऱ्या यंत्राची) वही पाहायला मागा, मात्र तपासणीला आल्यासारखे नव्हे, तर ‘मला इथली पद्धत शिकवा’ अशा सुरात. १२१ अंशांवर १५ मिनिटे किंवा १३४ अंशांवर ३ मिनिटे, हे आकडे सगळ्यांना पाठ असतात. पण पाकिटे ओली बाहेर निघतात का आणि जिवाणूंच्या पट्टीची चाचणी (यंत्रात जिवाणू खरेच मरतात का ते पाहणारी) शेवटची कधी केली, हे त्या वहीतच दिसते. जिथे असिस्टंट ही वही आनंदाने दाखवते, तिथे काम करायला हरकत नाही.

सुळा (धागाकर्ती):

तिघांचेही मनापासून आभार. काल नव्या क्लिनिकमध्ये दिवसभर बसून आले. दातांचे क्रमांक एफडीआय पद्धतीनेच लिहितात, बाँडिंग मात्र वेगळे आहे, त्यामुळे त्याचा कागद घरी आणला आहे. पहिल्या महिन्यासाठी माझ्या दाढांच्या रूट कॅनालना सव्वा तास डायरीत लिहून घेतला आणि टक्केवारीचा हिशेब लॅबचा खर्च वजा जाता आहे, हे लेखी मागितले, उद्या मिळेल.

फाईलचा विषय मी आपणहून काढला. डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “कितीची होती?” मी २५ ची म्हटले. त्यांनी खणातून एक वही काढली, तिच्यात त्यांच्या क्लिनिकमध्ये तुटलेल्या फाइलींच्या नोंदी होत्या, आकार, दात आणि फाईल कितव्यांदा वापरलेली होती यांसह. बऱ्याच नोंदी त्यांच्याच अक्षरात होत्या. “तुमची कितव्यांदा वापरलेली होती?” असे त्यांनी विचारले, तेव्हा मला उत्तर देता आले नाही, कारण जुन्या ठिकाणी ते मोजतच नव्हतो.

पाचपैकी चार पत्रे लिहून झाली. पाचव्या रुग्णाच्या एका कॅनालची लांबी मी केस पेपरवर लिहायची राहून गेली आहे, त्यामुळे शनिवारी त्यांना जुन्याच क्लिनिकमध्ये बोलावले असून लांबी पुन्हा मोजून मगच ते पत्र पूर्ण करेन.