फुटलेला ग्लास आणि तडकलेली बरणी : कारण कसं शोधायचं?

दोन वस्तूंचा छडा लावायचाय. दोन्ही पडलेल्या नाहीत, कुणी आपटलेल्या नाहीत.

पहिली, काचेचा ग्लास. फडताळात नुसता ठेवलेला असताना फुटला. लांब धारदार तुकडे नाहीत, सगळे बारीक खडे, म्हणजे टफन्ड (तापवून झटकन थंड करून कणखर केलेली) काच. अशा काचेचा पृष्ठभाग दाबाखाली असतो आणि पोटात ताण, भेग तिथवर पोचली की सगळी काच एकदम जाते, इथपर्यंत समजलं. पण भेग सुरू कशाने झाली? जुना ओरखडा, की काच बनवताना आत अडकलेला निकेल सल्फाइडचा कण?

दुसरी, पॉलिकार्बोनेट या कडक प्लास्टिकची पारदर्शक बरणी. आत सुगंधी तेल असतं. तडे फक्त आट्यांपाशी, बरेच आणि बारीक. लॅपटॉपच्या पांढऱ्या पडद्यासमोर धरून पोलराइज्ड (एकाच दिशेने कंपणारा प्रकाश आत सोडणाऱ्या) गॉगलमधून पाहिली, कारण अशाने प्लास्टिकमधला ताण रंगांत दिसतो, तर नेमके तिथेच रंगीत पट्टे दाटलेले. (दिसायला फार सुंदर, हे कबूल.) ते पट्टे ताणाचे, की जाडी बदलल्यामुळे तसं दिसतं?

प्रतिसाद १
ग्लासचं आधी सांगतो. निकेल सल्फाइडचा कण खोलीच्या तापमानालाही हळूहळू रूप बदलतो आणि फुगतो, हे खरं. पण तो गुन्हेगार सापडतो मुख्यतः इमारतींच्या मोठ्या काचांत. ग्लास एकमेकांत रचले जात असतील तर ओरखड्यावरच संशय घ्या. ओरखडा आज पडतो आणि काच कितीतरी नंतर फुटते, कारण ताणाखालची भेग हवेतल्या दमटपणानेही सावकाश वाढत राहते. काच मोडते ती अशा सूक्ष्म दोषांमुळे, हे ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने १९२१ मध्येच मांडलं होतं. साध्या काचेत उगमाभोवती आरशासारखा गुळगुळीत भाग दिसतो आणि त्यापुढे खडबडीत रेषा. तुमच्या खड्यांत मात्र उगम सापडणं जवळपास अशक्य.

बरणीचं कोडं जास्त रंजक आहे. पट्ट्यांत जाडीचाही वाटा असतो आणि साच्यात प्लास्टिक वाहताना रेणू ओढले जातात त्याचाही. म्हणून झाकण घट्ट पिळून पाहा, मग सैल करून पाहा. बदलतील ते पट्टे पिळण्याच्या ताणाचे. आणि तडा गेलेला एखादा तुकडा मोडून भिंगाखाली धरा. कडा ताणल्यासारखी, लांबलेली दिसली तर जोर जास्त पडला. गुळगुळीत, चकचकीत दिसली आणि तडे तेल लागणाऱ्या बाजूनेच निघालेले असले, तर ताण आणि रसायन दोघांचं संगनमत.

धागाकर्ता
पाहिलं. कडा चकचकीत आहे, तडे आतून निघालेत. झाकण सैल केल्यावर थोडे पट्टे गेले, बाकीचे जागच्या जागी. मग दोष साच्यातला धरायचा, की तेलाचा?

प्रतिसाद १
दोन्ही. पॉलिकार्बोनेटला सुगंधी तेलं मानवत नाहीत, पण ताण नसता तर इतक्यात तडे दिसले नसते. खात्री हवी असेल तर तशाच दोन नव्या बरण्यांच्या आट्यांना तेल लावा. एकीचं झाकण घट्ट पिळा, दुसरीला झाकणच नको. दुसरीही तडकली, तर साच्यातून आलेला ताणच पुरेसा होता. मूळ तेल तोवर काचेच्या बाटलीत हलवा.