गीत, संगीत आणि गायन: एकच नाव

बी-३०४
सर्वांना नमस्कार. काल क्लबहाउसमधल्या श्रवणसभेत डी-७०२ च्या काकांनी इंग्रज गायिका केट बुश यांचे ‘वुदरिंग हाइट्स’ हे गाणे ऐकवले. ते घरी आल्यावर मी पुन्हा दोनदा ऐकले, म्हणून हा संदेश लिहिते आहे. १९७८ साली या गाण्याने ब्रिटनच्या विक्रीयादीत पहिला क्रमांक मिळवला आणि असा मान मिळवणारी ती पहिली स्त्री होती, असे काका म्हणाले. परंतु माझ्या वडिलांच्या संग्रहात त्याच्या कितीतरी आधीच्या इंग्रजी गायिकांच्या तबकड्या होत्या आणि त्यांतली काही गाणी तिकडे पहिल्या क्रमांकावर गेली होती, हे मला पक्के आठवते. मग ही पहिली कशी?

डी-७०२
ताई, तुमची शंका अगदी रास्त आहे. काल बोलताना माझ्याकडून एक महत्त्वाचा शब्द राहून गेला. पहिल्या क्रमांकावर गेलेली ती पहिली स्त्री नव्हे. संपूर्णपणे स्वतः लिहिलेले आणि स्वतःच चाल दिलेले गाणे गाऊन ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचलेली ती पहिली स्त्री. सिला ब्लॅक आणि सँडी शॉ या दोघींनी १९६०च्या दशकातच ते स्थान मिळवले होते, पण त्यांची ती गाणी इतरांनी रचलेली होती. बॉबी जेन्ट्री यांचे उदाहरण तर फार बोलके आहे. त्या स्वतः उत्तम गाणी रचत, परंतु १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये त्यांचे जे गाणे पहिले आले, ते मात्र बर्ट बाकराक आणि हॅल डेव्हिड यांचे होते.

आपल्याला हा फरक चटकन जाणवत नाही, याचे कारण आपल्या ऐकण्याच्या सवयीत आहे असे मला वाटते. आकाशवाणीवर भावगीत लागण्याआधी निवेदक गीतकार, संगीतकार आणि गायक अशी तीन नावे सांगत असत आणि ती तीन नावे बहुधा तीन वेगळ्या माणसांची असत. आपण त्या विभागणीला नैसर्गिक मानत आलो. इथे तिन्ही जागी एकच नाव आहे, आणि ज्या दिवशी ते यादीच्या माथ्यावर गेले, त्या दिवशी त्या मुलीचे वय १९ वर्षांचे होते.

ए-१०१
काका, माहितीबद्दल आभार. मी मात्र मनापासून सांगतो की तो आवाज मला फार टोकदार वाटला. एवढ्या वरच्या पट्टीत, जवळजवळ लहान मुलीसारखे गाणे लोकांना एवढे का आवडले असावे? की कंपनीने जाहिरातीचा जोर लावला होता?

डी-७०२
जाहिरातीच्या जोराचे आधी सांगतो, कारण तिथे घडले ते नेमके उलटे होते. ईएमआय ही तिची रेकॉर्ड कंपनी. आपल्या घरोघरी एचएमव्हीच्या ज्या तबकड्या असत, त्यांच्यामागचीही हीच इंग्रज कंपनी. पिंक फ्लॉइड या रॉक गटाचे गिटारवादक डेव्हिड गिल्मर यांनी या मुलीची घरगुती ध्वनिमुद्रणे ऐकली आणि १९७५ मध्ये, ती १६ वर्षांची असताना, स्वतःच्या पैशाने तिची काही गाणी चांगल्या स्टुडिओत मुद्रित करवून घेतली. त्यानंतर ईएमआयने तिला करारबद्ध केले. पहिली तबकडी काढायची वेळ आली तेव्हा कंपनीचा कल अधिक सरळ, रॉक वळणाच्या दुसऱ्या एका गाण्याकडे होता. ‘वुदरिंग हाइट्स’च आधी आले पाहिजे, यावर ही मुलगी अडून बसली आणि अखेर कंपनीला तिचे ऐकावे लागले. नोव्हेंबर १९७७ मध्ये ठरलेले प्रकाशनही पुढे गेले. वेष्टनावरच्या छायाचित्राबद्दल ती समाधानी नव्हती. शिवाय त्याच सुमारास कंपनीने पॉल मॅकार्टनी यांच्या विंग्ज या गटाचे ‘मल ऑफ किन्टायर’ बाजारात आणले होते आणि ब्रिटनमध्ये २० लाखांहून अधिक खपणारी ती पहिली सिंगल, म्हणजे सुट्या गाण्याची तबकडी, ठरली. त्या लाटेत नवख्या मुलीचे गाणे वाहून गेले असते. ते जानेवारी १९७८ मध्ये आले, हे एका अर्थी बरेच झाले.

आता आवाजाविषयी. तो आवाज टोकदार आहे हे मला मान्य आहे, परंतु तो कोणाचा आवाज आहे याचा विचार करावा अशी माझी विनंती आहे. एमिली ब्राँटी यांच्या याच नावाच्या कादंबरीत मेलेली नायिका कॅथरीन थंडीच्या रात्री खिडकीशी येते आणि मला आत घे म्हणून विनवते. हे गाणे तिच्या तोंडचे आहे. आपण नाट्यपद ऐकतो तेव्हा गाणाऱ्या माणसाइतकेच पात्रही ऐकत असतो. इथेही तसेच आहे. मोकळ्या, भरदार आवाजात हे गाणे गायले असते, तर खिडकीबाहेर कोणी जिवंत बाई उभी आहे असे वाटले असते. कडव्यातून ध्रुवपदात शिरताना षड्जच हलल्यासारखा वाटतो आणि मात्रांचा हिशेबही मध्येच बदलतो. पायाखालची जमीन सरकल्याची ही जाणीव तिने चालीतच बांधली आहे. पुन्हा ऐकताना ‘विंडो’ हा शब्द येतो ती जागा नीट ऐका. तो सूर ती टाकून देत नाही, हळूहळू वळवत नेते.

बी-३०४
मूळ कथा आपल्यापैकी ज्येष्ठांना ठाऊक असेलच; १९६६ चा दिलीपकुमार आणि वहिदा रहमान यांचा ‘दिल दिया दर्द लिया’ याच कादंबरीवर बेतलेला होता. या मुलीने एवढ्या लहान वयात ही कादंबरी वाचून गाणे रचले, याचे मला विशेष वाटते.

डी-७०२
ताई, गाण्याचा उगम दूरदर्शन संचावर आहे. बीबीसीने केलेल्या रूपांतराचा शेवटचा थोडासाच भाग तिने पाहिला होता आणि खिडकीतून आत येणारा हात तिच्या डोक्यातून जाईना. कादंबरी तिने त्यानंतर वाचली. तिचे स्वतःचे नाव कॅथरीन, लहानपणी घरचे तिला कॅथी म्हणत, आणि तिची व एमिली ब्राँटी यांची जन्मतारीखही एकच, ३० जुलै. गाणे लिहिले गेले ५ मार्च १९७७ च्या रात्री, पौर्णिमेला, पियानोपाशी बसून. ध्वनिमुद्रक जॉन केली यांनी पुढे सांगितले आहे की तिने गाणे सलग गायले, तुकडे जोडावे लागले नाहीत, आणि मध्यरात्री सुरू केलेले ध्वनिमिश्रण पहाटेपर्यंत पुरे झाले.

ई-५०३
नमस्कार काका. गाणे आल्याबरोबर पहिल्या क्रमांकावर गेले होते का? आणि तेव्हा ही क्रमवारी कशावरून ठरत असे?

डी-७०२
नाही, ते पायरी पायरीने चढले आणि मला तो चढ फार आवडतो. त्या काळी दुकानांतून प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या तबकड्यांच्या नोंदी गोळा करून यादी तयार होत असे, म्हणजे प्रत्येक आकड्यामागे दुकानात जाऊन खिशातून पैसे काढणारा कोणीतरी होता. यादी ५० गाण्यांची होती. ११ फेब्रुवारी १९७८ च्या आठवड्यात हे गाणे ४२ व्या क्रमांकावर आले. पुढच्या आठवड्यांत ते २७ व्या, १३ व्या, ५ व्या आणि अखेर ११ मार्चला पहिल्या क्रमांकावर गेले. मधल्या काळात ती बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’मध्ये गायली आणि ज्यांनी हा आवाज केवळ रेडिओवर ऐकला होता, त्यांना तो चेहरा दिसला. तिने मागे टाकले ते अॅबा या स्वीडिश गटाचे गाणे. चार आठवडे ती शिखरावर राहिली. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि आयर्लंडमध्येही ते पहिले आले. कंपनीने पुढे आणलेले ‘द मॅन विथ द चाइल्ड इन हिज आइज’ सहाव्या क्रमांकापर्यंत गेले, आणि तेही तिचेच, किशोरवयात लिहिलेले.

ई-५०३
आम्ही मुलांनी तिला २०२२ मध्ये ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेमुळे ओळखले. ‘रनिंग अप दॅट हिल’ १९८५ मध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेले होते, ते मालिकेनंतर थेट पहिले आले. म्हणजे तिच्या पहिल्या आणि दुसऱ्या अव्वल गाण्यात ४४ वर्षांचे अंतर पडले, आणि दोन्ही गाणी तिने एकटीनेच लिहिलेली.

ए-१०१
काकांचे विवेचन वाचून मी आत्ता गॅलरीत बसून, हेडफोन लावून गाणे पुन्हा ऐकले. आवाज अजूनही टोकदारच वाटतो, परंतु आता तो बाहेरून येतो आहे असे वाटले. शेवटी गिटार सुरू होते आणि गाणे विरत जाते, तिथे मी उगीचच आवाज वाढवून पाहिला. याचे दुसरे मुद्रण आहे का?

डी-७०२
आहे. १९८६ च्या निवडक गाण्यांच्या संकलनासाठी तिने हेच गाणे नव्याने गायले. तेव्हा ती २८ वर्षांची होती. आवाज खाली उतरलेला, अधिक भरीव आहे. पुढच्या रविवारी सायंकाळी ६ वाजता आपण दोन्ही मुद्रणे एकापाठोपाठ ऐकू या. आधी १९८६ चे लावावे आणि मग १९७८ चे, असे मला वाटते. क्लबहाउसची किल्ली मी सचिवांकडून घेऊन ठेवतो.